अंदमानात समुद्रकाठी मुक्काम कुठे करावा: राधानगर, विजयनगर की शहीद द्वीप?

नमस्कार. येत्या जानेवारीत आई-बाबा, आम्ही दोघे आणि आमची सात वर्षांची मुलगी असे पाच जण अंदमानला जाणार आहोत. सावरकरांना १९११ ते १९२१ या काळात जिथे ठेवले होते ते सेल्युलर जेल पाहण्याची बाबांची फार वर्षांची इच्छा आहे, त्यामुळे पोर्ट ब्लेअरचा (आताच्या श्री विजयपुरमचा) मुक्काम ठरलेलाच आहे. अडले आहे ते त्यापुढच्या चार-पाच रात्रींचे.

आईचे गुडघे दुखतात. खडकांवरून तोल सांभाळत पाण्यापर्यंत जाणे तिला जमणार नाही. खोलीतून निघून सकाळ-संध्याकाळ वाळूवर फिरता यावे आणि घोटाभर पाण्यात उभे राहता यावे, एवढीच तिची अपेक्षा आहे. मुलगी नुकतीच पोहायला शिकली आहे, तेव्हा तिच्यासाठी तळाशी वाळू असलेले उथळ, शांत पाणी हवे. स्कूबा किंवा जेट स्कीमध्ये आम्हां कोणालाच रस नाही.

स्वराज द्वीपावर, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकवर, बहुतेक रिसॉर्ट पूर्व किनाऱ्याला गोविंदनगर आणि विजयनगर या भागांत दिसतात. धक्का, बाजार आणि खाणावळी तिथून जवळ आहेत आणि दरांतही निवड करता येते. राधानगर मात्र पश्चिमेला, धक्क्यापासून दहा-बारा किलोमीटरवर आहे. तिथे राहण्याच्या जागा मोजक्या आणि बहुतेक महाग आहेत. तिसरा पर्याय शहीद द्वीपाचा, म्हणजे पूर्वीच्या नीलचा. छायाचित्रांत तिन्ही ठिकाणचे पाणी सारखेच निळे दिसते, त्यामुळे त्यावरून काही ठरवता येत नाही. ज्येष्ठांना आणि लहान मुलांना घेऊन ज्यांनी तिथे मुक्काम केला आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

आपण गरजा नेमक्या लिहिल्या आहेत, म्हणून उत्तरही ठामपणे देता येते. खोली ठरवण्याआधी ओहोटीच्या वेळी तो किनारा कसा असतो, हे पाहावे.

गोविंदनगर-विजयनगरच्या किनाऱ्यालगत प्रवाळांचा उथळ पट्टा आहे. भरतीला तिथले पाणी रिसॉर्टच्या अंगणाशी येते आणि अतिशय सुंदर दिसते. जाहिरातीतली छायाचित्रे बहुधा त्याच वेळची असतात. ओहोटीला मात्र ते दूरवर मागे सरते आणि खडक व मृत प्रवाळांचे धारदार तुकडे उघडे पडतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात हा फरक सर्वांत जास्त असतो, अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, तो कमी होतो. आपल्या तारखांचे पोर्ट ब्लेअरचे भरती-ओहोटीचे तक्ते अवश्य पाहावेत. तिथीच्या आकड्याच्या पाऊणपटीने भरतीची वेळ काढण्याची आपल्या किनाऱ्यावरची रीत तिथे जशीच्या तशी लागू पडत नाही.

राधानगरला तळाशी वाळू आहे, उतार मंद आहे आणि ओहोटीतही पाण्यात उतरता येते. जानेवारीत वारा ईशान्येकडून येत असल्यामुळे पश्चिमेचा हा किनारा आडोशाला असतो. नैर्ऋत्य मोसमी पावसाच्या दिवसांत मी त्याच किनाऱ्याची शिफारस केली नसती. आणखी एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. ही बेटे इतकी पूर्वेला असूनही घड्याळ भारतीय प्रमाणवेळेचेच आहे, त्यामुळे जानेवारीत साडेपाचच्या आत सूर्य मावळतो. पूर्वेकडे राहून सूर्यास्तासाठी राधानगरला गेलात, तर आईंना घेऊन अंधारातल्या रस्त्याने परतावे लागेल. तिथेच राहिलात, तर त्यांना हवे तेव्हा खोलीकडे वळता येईल. खर्च अधिक असला तरी दोन रात्री तिथे काढाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे.

एक सूचना मनापासून करतो. २०१० साली राधानगरजवळ खाऱ्या पाण्यातल्या मगरीच्या हल्ल्यात एका पर्यटक महिलेचा मृत्यू झाला होता. मुलीला जीवरक्षकांच्या नजरेसमोरच पाण्यात उतरवावे. खाडीच्या मुखाकडे किंवा निर्जन टोकाकडे, पाणी कितीही शांत दिसले तरी, जाऊ नये.

उरलेल्या रात्री शहीद द्वीपावर घालवाव्यात. भरतपूरचा किनारा धक्क्याजवळ आणि उथळ आहे, पण तिथे बोटींची वर्दळ असते आणि ओहोटीला प्रवाळ तिथेही उघडे पडतात. सूर्यास्ताच्या बाजूचा लक्ष्मणपूरचा लांब वाळूचा पट्टा आईंना फिरण्यासाठी अधिक सोयीचा वाटेल. बेट इतके लहान आहे की कुठेही राहिलात तरी दुसऱ्या किनाऱ्यावर रिक्षाने थोड्याच वेळात पोहोचता येते.

प्रतिसाद २

वरील मताशी सहमत आहे. पोर्ट ब्लेअर, स्वराज द्वीप, शहीद द्वीप आणि पुन्हा पोर्ट ब्लेअर असा क्रम ठेवावा, म्हणजे आलेल्या मार्गाने परत जावे लागत नाही. परतीच्या विमानाआधीची रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढावी, कारण समुद्र खवळला तर फेऱ्या रद्द होतात. जेल पाहणेही त्याच दिवशी ठेवू नये. ते पहिल्याच मुक्कामात निवांतपणे करावे.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनःपूर्वक आभार. ओहोटीचा विचार आम्ही केलाच नव्हता, आणि आईच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. दोन रात्री राधानगर आणि दोन रात्री लक्ष्मणपूरच्या बाजूला, असे आता ठरवत आहोत. तारखाही अष्टमीच्या जवळ आणता येतात का, ते पाहते. एवढेच विचारायचे राहिले: राधानगरच्या रिसॉर्टमध्ये खोलीपासून वाळूपर्यंतची वाट सपाट आहे की मध्ये पायऱ्या आणि झाडांची मुळे लागतात? कोणी अलीकडे राहून आले असल्यास कृपया कळवावे.