मदत हवी आहे - आईवडील ऊसतोडीला, आजीआजोबांना वाचता येत नाही, घरी वाचन कसं घ्यायचं?

नमस्कार, मी बीड जिल्ह्यात झेडपी शाळेत दुसरीला शिकवते. दिवाळीच्या आसपास पालक कारखान्यावर जातात ते मार्च-एप्रिलपर्यंत येत नाहीत, आणि मुलं आजीआजोबांकडे राहतात (मागे राहिली हेच खूप आहे, नाहीतर तीही फडावर जातात). हंगामी वसतिगृह आमच्याकडे नाही. शाळेत वाचतात पण घरी सराव नाही म्हणून जोडाक्षरं पक्की होत नाहीयेत.

व्हॉट्सॲपवर अभ्यास पाठवून बघितला, पण फोन आईवडिलांबरोबर गेलेला. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असायला हवेत, आमचे निम्मे तर फडावर. पालकसभेला आज्या मात्र येतात, अगदी मनापासून, आणि म्हणतात बाई आम्हाला काय कळतंय, तुम्हीच बघा. मग आजीला रोज एक पान मोठ्याने वाचून दाखवायचं असं ठरवलं, तर पोरं चित्र बघून पाठ झालेलं म्हणतात, 'स्वयंपाक'चा 'सयपाक' करून पुढे पळतात आणि आजी कौतुकाने मान डोलावते. आजीने गोष्ट सांगायची आणि मुलाने ती वहीत लिहून आणायची, हे त्यातल्या त्यात बरं चाललंय, पण ते लेखन झालं.

स्मार्टफोन, झेरॉक्सचा खर्च आणि शेजारच्या ताईची शिकवणी हे पर्याय कृपया नकोत, जमणारे नाहीत. संध्याकाळी अर्धा तास मिळतो, बस.

मूल खरंच वाचतंय की पाठ म्हणतंय, हे अक्षरओळख नसलेल्या आजीला कळेल अशी एखादी सोपी युक्ती कोणी वर्गात करून बघितली आहे का?