मदत हवी आहे: दरडीतून माणसं काढणाऱ्या नवऱ्याला पीटीएसडी (आघातानंतरचा मानसिक आजार), भरपाईच्या अर्जाची मुदत संपत आलीय

कृष्णाकाठची (14 जून 2023, रात्री 11.40)

नमस्कार. मी कराड तालुक्यातली. इथं पहिल्यांदाच लिहितेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझे मिस्टर जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेच्या अग्निशमन दलात बंबावर ड्रायव्हर होते. नोकरी ठेकेदारामार्फत, सहा वर्षं केली. शेवटचा पगार 14 हजार.

जुलै 2021 चा पाऊस आपल्याकडं कुणाला वेगळा सांगायला नको. महाबळेश्वरला 24 तासांत 594 मिलिमीटर पडला, आणि 22 तारखेच्या रात्री पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं घरांवर दरडी आल्या. त्यातल्याच एका गावी ह्यांची गाडी गेली. ह्यांचं काम गाडी चालवायचं, पण तिथं कोण ड्रायव्हर आणि कोण फायरमन! सगळेच चिखलात उतरले. तीन दिवसांनी घरी आले आणि न जेवता आडवे झाले. मी गमबूट धुवायला घेतले तर हातातून ओढून घेतले आणि परसात नेऊन टाकले. तिथं काय बघितलं ते आजवर सगळं सांगितलेलं नाही. पुढं लग्नसराईत मी हिरव्या बांगड्या भरून आले, तेव्हा फक्त म्हणाले, "त्या काढ." मी काढल्या.

आमच्या मागच्या खोलीवर पत्रा आहे. पत्र्यावर थेंब वाजायला लागले की हे उठून दाराशी उभे राहतात, टॉर्च हातात. घर सपाटीला आहे, डोंगर लांब आहे, तरी लेकीला भिंतीच्या बाजूला झोपू देत नाहीत. दोन पावसाळे असे गेले. यंदा पाऊस लांबलाय, सगळं गाव वाट बघतंय, आणि मी एकटीच आभाळ भरून आलं की घाबरते.

जून 2022 मध्ये एका वर्दीवर (मदतीचं बोलावणं आलं म्हणून) निघाले असताना ह्यांनी गाडी मध्येच रस्त्याच्या कडेला घेतली. हात कापायला लागले, पुढं जाता येईना. दुसऱ्या दिवशी ठेकेदारानं बोलावून "माझी काही तक्रार नाही, राजीखुशीनं काम सोडत आहे" अशा कागदावर सही घेतली. त्यानंतर घरीच आहेत. सासूबाईंनी अंगारे-धुपारे केले, गावातल्या डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. नोव्हेंबरमध्ये साताऱ्याला मानसोपचार तज्ज्ञांकडं नेलं, त्यांनी पीटीएसडी म्हणून सांगितलं.

भरपाई मागायला गेलो तर उत्तर मिळालं, "अपघात कुठं झालाय? आजारी पडलाय माणूस." नगरपालिका म्हणते ठेकेदाराकडं जा. कुणीतरी म्हणालं की दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. तसं असेल तर महिनाच उरलाय. ह्यांच्या अंगावर एक ओरखडा नाही, म्हणून काहीच मागता येणार नाही का? कुणी असं प्रकरण लढवलंय का? कुठं जायचं, काय कागद लागतील, कृपा करून सांगा.

---

बंबवाला_निवृत्त (15 जून, सकाळी 6.15)

ताई, मी 31 वर्षं बंबावर काढली. तुमचं वाचून रात्रभर डोळ्याला डोळा नाही. गाडी कडेला घेतली असं तुम्ही लिहिलंत, ते मी माझ्या दोन सोबत्यांच्या बाबतीत डोळ्यांनी बघितलंय. तेव्हा आम्ही त्यांना भित्रा म्हणालो. दोघंही पुढं दारूत गेले. आम्हाला तेव्हा कुणी या दुखण्याचं नाव सांगितलं असतं तर बरं झालं असतं. तुमच्या मालकांना माझा नमस्कार सांगा, आणि त्यांनी गाडी थांबवली ते योग्य केलं म्हणावं. हात कापत असताना भरधाव बंब चालवला असता तर आणखी चार जीव गेले असते.

आता कामाचं. प्रत्येक स्टेशनला वर्दी रजिस्टर असतं. वर्दी किती वाजता आली, कुठून आली, गाडी कुठली, गाडीवर कोण कोण, परत कधी आली, सगळं त्यात असतं. गाडीचं लॉगबुक वेगळं. त्यात किलोमीटर, डिझेल आणि चालकाची सही. तुमचे मालक त्या तीन दिवसांत तिथं होते याला लॉगबुकावरच्या त्यांच्या सहीइतका मोठा पुरावा नाही. दोन्हीच्या प्रती माहिती अधिकारात मागा. अर्जावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि तारखा घाला, नाहीतर "माहिती संदिग्ध" म्हणून परत येतो.

---

सांगलीचा_वकील (15 जून, दुपारी 2.05)

ताई, मुदतीचं तुम्ही ऐकलंय ते बरोबर आहे. कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम 1923, कलम 10. घटनेपासून दोन वर्षांत दावा दाखल व्हायला हवा. सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो, आणि निदानच नोव्हेंबर 2022 मध्ये झालं हे कारण सबळ आहे. पण त्या भरवशावर राहू नका. 22 जुलै हीच शेवटची तारीख धरून चला. माहिती अधिकाराच्या उत्तराला 30 दिवस लागतात, तेवढं थांबायचं नाही. आधी दावा टाका, रजिस्टर आणि लॉगबुक हजर करायला लावायचा अर्ज त्याच दाव्यात करता येतो.

त्याआधी एक गोष्ट बघा, कारण सगळं तिच्यावर अवलंबून आहे: पगाराच्या स्लिपवर ईएसआयची (कामगार राज्य विमा योजनेची) कपात आहे का? 2019 च्या जुलैपासून कामगाराचा वाटा 0.75 टक्के आहे, म्हणजे 14 हजारांवर 105 रुपये. ती कपात असेल तर 1923 च्या कायद्याखाली मागता येत नाही, ईएसआयकडं जावं लागतं. नसेल तर पुढचं वाचा.

सही घेतलेल्या त्या कागदाची काळजी सोडा. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कलम 17 प्रमाणं रद्दबातल असतो. आणि "ठेकेदाराकडं जा" हे नगरपालिकेचं उत्तर टिकणारं नाही. कलम 12 मध्ये मुख्य मालकही, म्हणजे इथं नगरपालिकाही, जबाबदार धरलाय, आणि स्थानिक संस्थेची कर्तव्यं म्हणजे तिचा व्यवसायच समजावा असं याच कायद्यात लिहिलंय. अग्निशमन सेवेतले कर्मचारी तर परिशिष्ट दोनमध्ये नावानिशी आहेत. दोघांनाही पक्षकार करा.

आता अवघड भाग, तो लपवत नाही. कायद्याची भाषा "अपघातानं झालेली वैयक्तिक इजा" अशी आहे. व्यवसायजन्य रोगांची यादी परिशिष्ट तीनमध्ये आहे आणि तिच्यात मानसिक आजार नाही. त्यामुळं हा "रोग" म्हणून मांडू नका, 2021 च्या त्या दिवसांत झालेली इजा म्हणूनच मांडा. बाहेर जखम दिसलीच पाहिजे असं न्यायालयं धरत नाहीत. परमपाल सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 2012 मध्ये ट्रकचालकाला कामावर आलेला हृदयविकाराचा झटका अपघात मानला. पण त्याच न्यायालयानं 2006 च्या शकुंतला श्रेष्टी प्रकरणात, कामाचा ताण आणि मृत्यू यांचा संबंध पुराव्यानं दाखवलेला नाही म्हणून दावा नाकारला होता. तुमचा सगळा खटला या दोन निकालांच्या मध्ये उभा आहे. त्या तीन दिवसांचा आणि आजच्या अवस्थेचा संबंध जितका पक्का दाखवाल, तितकं बळ.

रकमेची कल्पना यावी म्हणून सांगतो. कमाईची ताकद कायमची पूर्ण गेली असती, तर पगाराच्या 60 टक्के गुणिले वयाचा गुणक. घटनेच्या वेळी वय 35 धरलं तर गुणक 197.06, म्हणजे 8,400 च्या हिशेबानं 16,55,304 रुपये. डॉक्टरांनी 30 टक्के क्षमता गेली असं लिहिलं, तर त्याचे 30 टक्के, 4,96,591. औषधपाण्याचा प्रत्यक्ष खर्च वेगळा मिळतो, म्हणून मेडिकलची बिलं टाकू नका. दावा तुम्ही राहता त्या भागातल्या भरपाई आयुक्तांकडं चालतो.

---

टोरांटोचा_कराडकर (15 जून, रात्री 9.30)

इथं ओंटारियोत 2016 पासून कायदा आहे. फायरफायटर, पॅरामेडिक, पोलिस यांना पीटीएसडीचं निदान झालं की तो कामामुळंच झाला असं धरून चालतात. तसं नाही म्हणायचं असेल तर ते समोरच्यानं दाखवायचं. माझा शेजारी पॅरामेडिक आहे, त्याला असाच पगार आणि उपचार मिळाले, आता तो परत कामावर आहे. आपल्या गावच्या माणसाला तेच सिद्ध करायला एवढी धावपळ करावी लागतेय, हे वाचून जीव तुटतो. वकिलाच्या फीचं काही अडलं तर निरोप टाका, ताई. मनापासून म्हणतोय.

---

मिरजेची_डॉक्टर (16 जून, सकाळी 10.20)

मी मानसोपचार तज्ज्ञ आहे. पत्र्यावरचा आवाज, बांगड्या, फेकून दिलेले गमबूट, मुलीला भिंतीपासून लांब ठेवणं हे तुम्ही जे लिहिलंय ते या आजाराचं नेमकं वर्णन आहे. मेंदू त्या रात्रीला "झाली, संपली" असं म्हणतच नाही. हा भित्रेपणा नाही आणि वेडही नाही. आघाताच्या आठवणींवर केंद्रित समुपदेशनानं आणि औषधांनी पुष्कळ लोक बरे होतात, दोन वर्षं उलटून गेली तरी होतात. दाव्याच्या गडबडीत उपचार थांबवू नका.

डॉक्टरांकडून प्रमाणपत्र घेताना नुसतं "पीटीएसडीचे उपचार सुरू" एवढं पुरणार नाही. निदानाचा कोड (एफ 43.1), कुठल्या घटनेमुळं, लक्षणं कधीपासून, आणि बंब चालवण्याची क्षमता किती टक्के गेली, हे चारही लिहून मागा. कमाईच्या क्षमतेचे हे टक्के वेगळे आणि दिव्यांग प्रमाणपत्राचे वेगळे. त्यांची गल्लत करू नका. दिव्यांग प्रमाणपत्र सिव्हिल हॉस्पिटलमधून निघतं, 2016 च्या कायद्यात मानसिक आजार धरलेला आहे. ते सवडीनं काढा, आधी दावा.

गावातल्या डॉक्टरांची झोपेच्या गोळ्यांची पहिली चिठ्ठी शोधा. घटनेच्या जितक्या जवळची तारीख, तितकी ती मोलाची. आणि मध्यरात्री फार वाईट वाटलं, त्यांना किंवा तुम्हाला, तर 14416 वर फोन करा. टेली-मानसचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

---

कृष्णाकाठची (17 जून, रात्री 10.50)

तुम्हा सगळ्यांचे उपकार कसे फेडू? दादा, तुमचा निरोप ह्यांना वाचून दाखवला. "गाडी थांबवली ते योग्य केलं" हे वाक्य मला परत वाचायला लावलं. मग बराच वेळ परसात जाऊन बसले. आल्यावर आपण होऊन म्हणाले, लॉगबुकावर तिन्ही दिवस माझीच सही आहे.

स्लिपा बघितल्या. पीएफ कापलाय, ईएसआय कुठंच नाही. गावातल्या डॉक्टरांची चिठ्ठी मिळाली, तारीख 9 सप्टेंबर 2021, वर लिहिलंय "झोप नाही, दचकून उठतो". टोरांटोचे दादा, पैशाचं तूर्त अडलेलं नाही, अडलं तर सांगेन.

एक विचारायचंय. ह्यांना तिथं उभं करून, काय बघितलं ते सगळ्यांसमोर सांगायला लावतील का? ते जमणार नाही. त्या भीतीनंच हे नको म्हणतायत.

---

सांगलीचा_वकील (18 जून, सकाळी 8.40)

साक्ष द्यावी लागते, पण मुख्य साक्ष प्रतिज्ञापत्रावर देता येते. घरी बसून, थांबत थांबत, चार दिवसांत लिहिली तरी चालते. उलटतपासणीत त्यांच्या वकिलाचे प्रश्न येतील. त्या वेळी मध्ये थांबायची मुभा मागू, डॉक्टरांचं पत्र जोडू. प्रत्यक्ष तिथं काय पाहिलं याचा मोठा भार वर्दी रजिस्टर आणि सोबतच्या फायरमनच्या साक्षीवर टाकता येईल. आणि घरात काय घडतंय याची साक्षीदार तुम्ही आहात. किती रात्री उठले, कधी उठले, याची काही नोंद ठेवलीय का?

---

कृष्णाकाठची (18 जून, दुपारी 3.15)

वही नाही ठेवली. पण स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मी दुधाचा हिशेब लिहिते, त्याच चौकटीत ज्या रात्री हे उठले त्या तारखेला बारीक फुली मारायचे. कशासाठी मारत होते ते मलाही सांगता येणार नाही. कुणाशी बोलायची सोय नव्हती, म्हणून असेल. 2021 चं कॅलेंडर रद्दीत गेलं. 2022 चं मांडणीवर डब्यांखाली अंथरलं होतं. आत्ता सगळे डबे खाली काढून बघितलं. जून ते सप्टेंबर चारही पानं आहेत. तेलाचे डाग पडलेत, जुलैचा एक कोपरा फाटलाय, पण फुल्या दिसतात. एकट्या जुलैत 19 आहेत.

पानं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवलीत. मंगळवारी साताऱ्याला डॉक्टरांकडं जातोय, प्रमाणपत्रासाठी. येताना ठेकेदार आणि नगरपालिका, दोघांच्या नावानं रजिस्टर पोस्टानं भरपाईची नोटीस टाकते.