हरळी झोपलीय, तण जागं आहे. पेरणीआधी काय करू?

पिवळी_हिरवळ

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण मागच्या वर्षी तोंडावर आपटले, म्हणून सगळं सांगूनच विचारते.

घरामागं साठेक चौरस मीटर हरळीची हिरवळ आहे. थंडी पडली तशी ती पिवळी होत गेली, आता तर वाळल्या गंजीचा रंग आलाय. त्याचं काही नाही, हरळी थंडीत झोपते एवढं मला कळतं. पण त्या पिवळ्यावर हिरवे डाग उठलेत आणि लांबून बघणाऱ्याला वाटतं, वा, इथं तरी हिरवळ आहे! ते सगळं तण.

तीन प्रकार ओळखता आले. एक जमिनीलगत लोळणारं, नाजूक देठांचं, कणभर पांढऱ्या चांदण्यांसारख्या फुलांचं. फोटोंशी ताडून पाहिलं तर चिकवीड. दुसरं गवतच आहे, पोपटी झुपके, उंची जेमतेम बोटभर आणि तेवढ्यावरच तुरे आलेत. तिसरी आंबुशी, तिची ओळख करून द्यायला नको.

मागच्या वर्षी हेच झालं होतं. थंडी संपता संपता मी पेंडिमेथालिन या तणनाशकाचे दाणे टाकले, तीन आठवड्यांनी टकलांवर अर्धा किलो हरळीचं बी फेकलं, महिनाभर इमानेइतबारे पाणी मारलं. एक कोंब दिसला नाही. तण मात्र मजेत. बियाणंच खराब म्हणून मी कितीतरी जणांना सांगत फिरले. उरलेला अर्धा किलो अजून डब्यात आहे.

यंदा शेजारून सल्ला आलाय की हरळी झोपलेलीच आहे तर सरसकट ग्लायफोसेट तणनाशक मारून टाक, हिरवं तेवढं मरेल. ऐकायला सोपं वाटतं म्हणूनच भीती वाटते. घरातल्यांचं म्हणणं, सगळं खणून फरशी घाल. त्यावर मी बोलत नाही.

तण आधी काढू की बी आधी टाकू? आणि मधे किती दिवस सोडू?

मैदानकाका

ताई, आधी त्या बियाण्याची माफी मागा. पेंडिमेथालिन हे उगवणाऱ्या बीला मारतं. बी तणाचं की तुमचं, त्याला काय ठाऊक? मोड फुटला की तिथंच पेशींचं विभाजन अडवतं, आणि दोन ते चार महिने मातीच्या वरच्या थरात बसून हेच करत राहतं. जे तण आधीच उगवून बसलंय त्याला त्याचं काही नाही. म्हणजे तुम्ही तण राखलंत आणि हरळी मारलीत. वर्ष उलटलंय, आता मातीत त्याची चिंता नको.

डब्यातल्या बीचे २० दाणे ओल्या कागदात गुंडाळून उबेला ठेवा, कागद सुकू देऊ नका. दोन आठवड्यांनी मोड मोजा, मग बोलू.

आता खरा मुद्दा. तण कधी काढायचं हे तणाकडं बघून ठरवायचं नसतं. पेरणीची तारीख धरायची आणि तिथून उलटं मोजायचं. मी क्रिकेटचं मैदान सांभाळण्यात वीसेक वर्षं घालवली, ही उलटी मोजणी चुकली की पुढचा अख्खा हंगाम टकलं झाकण्यात जातो.

हरळीच्या बीला माती गरम लागते. मातीचा थर्मामीटर ५ सेंटिमीटर खोल खुपसून सकाळी वाचा. सलग चार-पाच दिवस १८ अंश सेल्सिअसच्या वर आकडा आला की पेरा, २० च्या वर असेल तर उत्तम. दुपारी ऊन चटकतंय म्हणून घाई केलेलं बी मातीत पडून राहतं, पाखरं टिपतात, उरलेलं कुजतं.

त्या तारखेच्या चार आठवडे आधी टू-फोर-डीचा, म्हणजे रुंद पानांच्या तणावर मारायच्या औषधाचा, शेवटचा दिवस. त्यानंतर फवारलंत तर कोवळ्या कोंबांना धक्का बसतो. नेमकं अंतर लेबलवर छापलेलं असतं, तेच खरं धरा. फवारायचं ते तण लहान आणि वाढत असताना. १० अंशांखालच्या गारठ्यात झाड स्वतःच गोठून बसलेलं असतं, औषध आत फिरत नाही. वारा नको, पाऊस नको, आणि आदल्या दिवशी गवत कापू नका, पान असेल तरच औषध शोषलं जाईल. पंप वेगळा ठेवा. टू-फोर-डीचा पंप नुसता विसळून गुलाबावर वापरला तर गुलाबाची पानं पिळवटून निघतात. विचारू नका कसं कळलं.

तुमचे ते पोपटी झुपके म्हणजे पोआ. ते गवतवर्गीय, त्याच्यावर टू-फोर-डी चालत नाही. आंबुशीलाही एकट्या टू-फोर-डीनं फार फरक पडत नाही.

राहिलं ग्लायफोसेट. शेजाऱ्यांचं अगदीच चूक नाही. ते हिरव्या भागातून आत शिरतं, झोपलेल्या हरळीला हिरवा भागच नसतो. मातीत ते चिकटून निष्क्रिय होतं, त्यामुळं बीलाही अडथळा नाही. पण झोप पुरी हवी. हरळीची एक काडी जरी जागी असली तरी तिच्यातून थेट जमिनीतल्या काश्यांपर्यंत उतरतं. तेव्हा फवारायच्या आधी खाली बसा, दहा जागी दोन्ही हातांनी वाळलेला थर फाकवा आणि बुडाशी बघा. भिंतीकडची आणि उन्हाची बाजू आधी. आणि हे फक्त हरळीपुरतं. झोयशिया गवत असेल तर या वाटेला जाऊ नका.

खुरपं_आणि_मी

काकांचं मैदान मोठं होतं, त्यांना पंप लागत असेल. साठ चौरस मीटरला पंप कशाला? तीन सकाळ आणि एक पाट.

माझी पद्धत सांगते. आदल्या संध्याकाळी पाणी द्यायचं, म्हणजे सकाळी माती सुटते. चिकवीडला ओढायचं नाही, ओढलं की देठ तुटून हातात येतात. बोटं खाली घालून मधली मुळी शोधायची, ती वरवरच असते. तिथून उचललं की सतरंजी गुंडाळावी तसं अख्खं जाळं वर येतं. कधी कधी ताटाएवढं येतं, त्या दिवशी जेवण गोड लागतं. पोआच्या झुपक्याला मात्र खुरपं तिरकं घालून बुडासकट काढायचं.

तुरे आलेत म्हणताय, तर आजच बसा. तो पोआ कितीही खाली कापला तरी खालीच बी धरतो, एका झुपक्याला शेकड्यांनी. बी जमिनीत वर्षानुवर्षं टिकतं. उपटलेलं तिथंच पडू देऊ नका, पिशवीत भरा. चिकवीडची उपटलेली फुलंही पडल्या पडल्या बी पिकवतात, फार चिवट जात.

आंबुशीचं मला आजवर जमलेलं नाही. शेंगेला हात लागला की टचकन फुटून बी तोंडावर उडतं. देठ जिथं जमिनीला टेकतं तिथं मूळ फुटतं, म्हणून पेरापेरानं उचलत जावं लागतं. पुन्हा येतेच, आपणही पुन्हा बसायचं.

आणि कृपा करून कोणी मीठ-व्हिनेगरचा घरगुती उपाय सांगू नका. व्हिनेगर वरचं पान भाजतं, मुळं हसत असतात. मीठ मी एकदा टाकलं होतं, दोन वर्षं त्या कोपऱ्यात आंबुशीसुद्धा आली नाही. काहीच आलं नाही.

निंदून झालं की बोटभर कंपोस्ट आत्ताच पसरून ठेवा, पेरणीपर्यंत माती तयार होईल.

नवा_भिडू

मध्येच विचारतो, माफ करा. माझ्याकडं हरळीऐवजी फेस्क्यू घास आहे, तीही थोडी विरळ झालीय, थंडीत मळकट हिरवी दिसते. मलाही तणावर ग्लायफोसेट चालेल ना?

मैदानकाका

नाही! फेस्क्यू थंडीची घास आहे. ती मंदावते, तशी झोपत नाही. ग्लायफोसेट मारलंत तर तणाबरोबर तीही जाईल. तुमचं गणितच निराळं. तुमच्याकडं पेरताना मेसोट्रायोन हे तणनाशक चालतं, ते फेस्क्यूच्या बीला सोडून बऱ्याच तणांना धरतं. हरळीला ते चालत नाही, त्यामुळं ताई, तुम्ही ही ओळ वाचलीच नाही असं समजा. आणि फेस्क्यूला वसंतातली पेरणी अवघड जाते, मुळं खोल जायच्या आत उन्हाळा गाठतो. उकाडा सरल्यावर पेरा, आत्ता फक्त हातानं निंदा.

खुरपंताई, निंदणीचं सगळं मान्य. साठ चौरस मीटरला मीही खुरपंच घेतलं असतं. कंपोस्टचं मान्य नाही. हरळी झोपेत खात नाही. आत्ता ताकद घातली की ती जाग्या असलेल्याच्या पोटात जाणार, म्हणजे तणाच्या. खत, कंपोस्ट, काय घालायचं ते पेरताना, आणि तेही बोटभर नाही, पातळ. बी ६ मिलिमीटरपेक्षा खोल गेलं की वर यायची मारामार.

खुरपं_आणि_मी

बरं. माझ्याकडं नेहमी बोटभरच पडतं आणि चिकवीडही नेहमीच माजतं. हे दोन कधी जोडून पाहिले नव्हते.

पिवळी_हिरवळ

पाच दिवसांनी परत आले. काका, तुम्ही सांगितलं तसं खाली बसून दहा जागी थर फाकवला. नऊ जागी नुसती वाळकी काडी. दहावी जागा दक्षिणेच्या भिंतीलगत, तिथं बुडाशी नखाएवढे हिरवे कोंब! वरून बघून जन्मात कळलं नसतं. ग्लायफोसेटची बाटली शेजारी परत पाठवली, साभार.

निंदणी दोन सकाळी झाली, पाट आणि खुरपं घेऊन. ओल्या मातीतून चिकवीड खरंच सतरंजीसारखं निघतं, मला त्याचं जरा व्यसनच लागलं. पोआचे ४३ झुपके मोजले, मग मोजणं सोडलं. एका कोपऱ्यात चिकवीड फारच दाट होतं, तिथं हात थकले आणि टू-फोर-डी मारलं. माती सध्या सकाळी ११ अंश दाखवते, म्हणजे चार आठवडे सहज हातात आहेत.

बीचा निकाल अजून यायचाय.

आणि एक शंका. झुपके काढले तिथं वाटीएवढे खड्डे पडलेत. बुजवू?

मैदानकाका

आत्ता नको. उघडी माती दिसली की तणाचं लपलेलं बी उगवून येईल, येऊ द्या. ते दोन पानांवर असताना खुरप्यानं नुसतं खरवडा, खोल हलवू नका, नाहीतर खालचं बी वर येतं. असं एकदा-दोनदा झालं की वरच्या थरातला साठा बराच रिकामा होतो. खड्डे पेरायच्या दिवशी बुजवा.

भिंतीपाशी हिरवं दिसलं म्हणजे बाकीचीही कूस बदलतेय. निम्मी हिरवळ हिरवी झाली की मशीन खाली उतरवून एकदा तासून घ्या आणि दातेरी पंजानं वाळका थर ओढून काढा. ऊन बुडापर्यंत पोचलं की माती लवकर तापते, बीही थरात अडकत नाही. पण रात्री अजून गारठत असतील तर थांबा.

पिवळी_हिरवळ

आठ आठवड्यांनी, हिशेब द्यायला आले.

बी: २० पैकी १४ दाण्यांना मोड आले. ज्यांना ज्यांना बियाणं खराब म्हणून सांगितलं होतं, त्यातल्या तिघांना फोन केला. दोघांना तो विषय आठवतही नव्हता.

माती सलग पाच सकाळी १९ दाखवायला लागली तेव्हा पेरलं. ३०० ग्रॅम पुरलं, चौरस मीटरला पाच ग्रॅमच्या हिशेबानं. बी इतकं बारीक की कोरड्या वाळूत मिसळून फेकलं, निम्मं उभं, निम्मं आडवं. वरून चाळणीनं कंपोस्ट, मग पाटीची मागची बाजू थोपटली. दिवसातून तीनदा हलका फवारा. नवव्या दिवशी संध्याकाळी तिरक्या उन्हात बघितलं तर खड्ड्यांमध्ये हिरवी लव. सगळ्यात दाट कुठं? जिथं पोआचे झुपके उपटले होते तिथं, गोल गोल वाट्या भरल्यासारखी.

माझ्याकडून सुटलेले पोआचे झुपके आता उकाड्यानं आपोआप पिवळे पडताहेत. भूमिका बदलल्या.

आंबुशी परत आलीय. आज पंप हातात घेतला होता, मग खाली ठेवला. कोवळ्या हरळीवर टू-फोर-डी कधीपासून चालेल?

मैदानकाका

तीन-चार कापण्या होईपर्यंत नाही, आणि आंबुशीला एकट्या त्यानं फार फरक पडत नाही हे आधीच सांगितलंय. आणि ते पेंडिमेथालिन टाकून देऊ नका. उन्हाळा सरून मातीचा आकडा २१ च्या खाली उतरायला लागेल तेव्हा टाका. पोआ आणि चिकवीड त्याच सुमाराला उगवतात, तेव्हा तुमची हरळी पक्की झालेली असेल आणि पेरायचं काही नसेल. तेव्हा त्या डब्यावरचं बारीक अक्षर वाचा.

पिवळी_हिरवळ

वाचलं. मागच्या वर्षीच्याच डब्यावर तिसऱ्या ओळीत लिहिलंय, "बी पेरण्यापूर्वी वापरू नये." चष्मा लावल्यावर दिसतं.

खुरपं_आणि_मी

आंबुशीसाठी पाट घेऊन बसा. मी इकडं बसलेच आहे.