जुने द्राक्षवाण आणि 'काहीच न घालता' केलेली रेड वाइन : वाण वाचतोय की हौस भागतेय?

काळीमैना : विस्मृतीत गेलेले वाण आणि नैसर्गिक वाइन (बाहेरून जवळपास काहीच न घालता केलेली) हे दोन्ही लोक एका दमात बोलतात. माझ्या मते ही जोडी तोडायला हवी. चिलीतलं पाईस घ्या. सोळाव्या शतकात स्पॅनिशांबरोबर गेलेलं काळं द्राक्ष, रोजच्या पिण्याच्या वाइनचं. काबर्ने-मर्लो हे फ्रेंच वाण आले आणि ते मागं पडलं. आता तिथल्या मौले, इताता भागांतल्या जुन्या वेलींची विचारपूस होतेय, छानच. पण वाइन खराब होऊ नये म्हणून घालतात ते सल्फर औषधालाही नको या हट्टापायी बाटलीतून गोठ्याचा वास येत असेल, तर त्यात पाईस कुठं शोधायचं?

रानयीस्ट : साफ असहमत. पाईसचा रंग फिका, टॅनिन (साल-बियांतला तुरटपणा) खरखरीत. विकतचं यीस्ट, एन्झाइम, ओकचे तुकडे घालून त्याची दुय्यम काबर्ने करण्यात काय मिळालं? त्यापेक्षा तिथली झारांदा बघा. काठ्यांची चाळण पिंपावर ठेवायची, तिच्यावर घड हातानं घासायचे. मणी खाली, देठ वर. बिया फुटत नाहीत, म्हणून कडवटपणाही उतरत नाही.

काळीमैना : झारांदाला विरोध केलाय कोणी? खुशाल घासा, रानटी यीस्टवरच आंबवा. फक्त बाटलीत भरताना चिमूटभर सल्फर घाला. ब्रेटानोमायसिस हे वाइन बिघडवणारं यीस्ट माजलं की पाईस असो वा त्रूसोसारखा दुसरा एखादा वाण, सगळ्यांना घोड्याच्या घामाचाच वास. शिवाय 'उंदीरवास' हा दुसरा दोष आहेच. तो ग्लासात येत नाही; वाइनच्या आंबटपणात दबलेला असतो आणि घोट गिळल्यावर, लाळेनं आम्लता उतरली की वर येतो. नुसतं हुंगून पिंप पास करणारे तिथंच फसतात.

पीएच_मोजा : भांडा, पण आधी पीएच मोजा. द्राक्षं उशिरा तोडली की पीएच चढतो, म्हणजे आंबटपणा उतरतो, आणि चढलेल्या पीएचला तेवढंच सल्फर निम्मंही काम करत नाही. बाकी 'शून्य सल्फाइट' (वाइनमधलं सल्फर) म्हणजे थापच; थोडं यीस्ट स्वतःच तयार करतं. फ्रान्सच्या २०२० च्या 'व्हँ मेथोद नात्यूर' या नैसर्गिक वाइनच्या नियमांतही लिटरला ३० मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. युरोपात एरवीच्या कोरड्या रेडला कमाल १५०.

रानयीस्ट : ३० ला माझी ना नाही. पण पाईस कवडीमोल विकलं जात होतं, तेव्हा तुमच्या स्वच्छ वाइनरी कुठं होत्या? मौलेत त्याच्या बाटल्या भरून बाहेर नेल्या त्या लुई-आंत्वान ल्युईत या फ्रेंच वाइनकारासारख्या नैसर्गिकवाल्यांनीच.

काळीमैना : आणि चिलीतलाच दुसरा विसरलेला वाण, कारमेनेर? मर्लो समजून विकलं जात होतं. १९९४ मध्ये झाँ-मिशेल बुर्सिको या फ्रेंच द्राक्षतज्ज्ञांनी ओळखलं, नंतर ते नावारूपाला आलं ते नेहमीच्याच वाइनरींमुळे.

रानयीस्ट : आलं खरं, पण ढोबळी मिरचीचा वास नको म्हणून ते इतकं पिकवतात, की पुन्हा मर्लोच समजावं!

काळीमैना : हा टोला मान्य. सल्फरचा मुद्दा मात्र सोडणार नाही.