गाडीतला आवाज: जीव मॅग्नेटात की दाराच्या पत्र्यात?

खाडीकाठ (रत्नागिरी)

गणपतीला गावी आलेल्या चुलतभावाने गाडीच्या पुढच्या दारांत नवे स्पीकर बसवून आणलेत. दाखवताना पहिलं वाक्य, "मॅग्नेट बघ केवढा जाड!" मग डबलबारीचं (दोन बुवांच्या भजनी सामन्याचं) रेकॉर्डिंग लावलं. टाळ, चकवा, बुवांचा आवाज, सगळं ठीक. पखवाजाच्या कणीक लावलेल्या बाजूवर थाप पडली की मात्र 'धूम'ऐवजी 'भद्द'. आवाज वाढवला तर बुवांचा गळाही थरथरायला लागला.

माझं म्हणणं असं की आपण मॅग्नेटचं वजन आणि खोक्यावरचे वॅट बघून फसतो. बघायची असते ती मोटर, म्हणजे स्पीकरचा पडदा हलवणारा मागचा भाग. मॅग्नेट, पुढची-मागची लोखंडी प्लेट आणि मधला खांब, यांच्यामध्ये एक अरुंद गोल फट राहते. तिला गॅप म्हणतात. त्यात कॉइल, म्हणजे कोनला (स्पीकरच्या हलत्या पडद्याला) चिकटलेलं तारेचं वेटोळं, लोंबते. कोनला ढकलणारं बल म्हणजे गॅपमधलं चुंबकीय क्षेत्र गुणिले त्यातली तारेची लांबी गुणिले करंट. कॉइल पुढे-मागे सरकताना हे बल किती एकसारखं राहतं, यात सगळी मेख आहे.

समजा गॅप 6 मिमी आणि कॉइल 14 मिमी उंच. फरकाचं अर्धं, म्हणजे दोन्ही बाजूंना 4 मिमी हललं तरी गॅपमध्ये तार तेवढीच असते. त्यापुढे वेढे बाहेर पडायला लागतात, बल घटतं आणि आवाज फाटतो. तेवढ्याच जोरात खालचा सूर वाजवायचा तर वारंवारता निम्मी झाली की कोनला चौपट हलावं लागतं. 100 हर्ट्झला 1 मिमी लागत असेल तर 50 हर्ट्झला 4. संपली मर्यादा!

दुसरी गोष्ट तांब्याची. कॉइल आत जाते तेव्हा तिच्या पोटात लोखंड जास्त येतं, बाहेर येते तेव्हा कमी. त्यामुळे तिचा इंडक्टन्स (बदलत्या करंटला होणारा अडथळा) सतत बदलतो आणि खालच्या थापेबरोबर वरचा गळा हलतो. खांबावर तांब्याची टोपी किंवा रिंग असेल तर हे बरंच आवरतं. टोपीला जागा द्यायची म्हणून गॅप थोडी रुंद होते, क्षेत्र थोडं घटतं. घटू दे. दुकानात वॅट विचारू नका, हे दोन प्रश्न विचारा: कॉइल गॅपपेक्षा किती उंच, आणि खांबाला तांबं आहे का.

जांभा (कुडाळ)

साफ असहमत. गाड्यांच्या दारात हात घालून पोट भरतो, म्हणून लिहितोय. घरच्या स्पीकरला खोका असतो, गाडीत दार हाच खोका. आणि कसला खोका! आतल्या पत्र्याला हात जाईल एवढी भोकं, त्यावर प्लॅस्टिकचा कागद. कोनची मागची लाट त्या भोकांतून पुढे येते आणि पुढच्या लाटेला खाते. तुमच्या पखवाजाचा खर्ज तिथे गेला. भोकं बंद करा, बाहेरच्या पत्र्याला ब्युटिल शीट (पत्र्याची थरथर मारणारी चिकट रबरी पट्टी) मारा, स्पीकरखाली घट्ट रिंग द्या, मग बोला.

आणि आपला पाऊस विसरलात? काचेवरून ओघळणारं पाणी दाराच्या आतूनच खाली जातं. स्पीकरची पाठ चार महिने ओलीत, वर खारा वारा. फेराइट, म्हणजे साधा काळा मॅग्नेट, गंजत नाही, पण प्लेट लोखंडाच्या. गंज फुगतो आणि कॉइलच्या बाजूला जागा असते मिलिमीटरच्या अंशाएवढी. कॉइल घासायला लागल्यावर तुमची तांब्याची टोपी काय पूजेला ठेवायची?

खाडीकाठ

दाराची भोकं बंद केल्यावर बास वाढेल, मान्य. पण फाटलेला आवाज पत्रा लावून शिवला जात नाही. थरथरणाऱ्या गळ्याचं काय?

जांभा

आधी फाटलाय का ते बघा. दाराची पट्टी कुरकुरत असली तरी लोक स्पीकर बदलायला येतात.

रातांबा (मूळ चिपळूण, सध्या पुणे)

दोघांनीही एक गंमत सोडली. मोटर जास्त जोरदार असेल तर दारासारख्या मोकळ्या खोक्यात बास *कमी* मिळू शकतो. जोरदार मोटर कोनला ब्रेकही जोरात लावते, त्यामुळे एकूण क्यू (ब्रेक किती सैल आहे याचा आकडा) उतरतो आणि खालचे सूर लवकर ढासळतात. 0.35 क्यूचा स्पीकर हिशेबाने काढलेल्या पेटीत छान वाजेल. दारासाठी मी 0.6-0.7 च्या आसपासचा शोधेन. हे गणित थील या अभियंत्याने 1961 मध्ये मांडलं, पुढे 70 च्या दशकात स्मॉल यांनी वाढवलं, आणि तरी दुकानदार अजून मॅग्नेट तोलून दाखवतात.

शिवाय मॅग्नेटवर मॅग्नेट चढवून क्षेत्र दुप्पट होत नाही. खांबाचं लोखंड 2 टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं माप) आसपास तुडुंब भरतं. पुढचं सगळं नुसतं वजन.

भेरलो माड

माका एक सांगा, रस्त्यावरच्या खड्ड्यात गाडी आपटता तेवा तुमका तांब्याची टोपी ऐकाक येता?

खाडीकाठ

भेरलो माड, गाडी उभी करून ऐकतो हो आम्ही. भजन चालू असताना उतरतंय कोण!

रातांबा, क्यूचा मुद्दा पटला. तो माझ्या यादीत नव्हता.

फणसगरा (मालवण)

सरळ निओडिमियमचा मॅग्नेट घ्या की. लहान, हलका, ताकद जास्त.

जांभा

त्याच्यावर निकेलचा मुलामा असतो म्हणून तो टिकतो. मुलामा खरचटला की खाऱ्या हवेत त्याची पूड होते. मालवणात तर नकोच.

रातांबा

उष्णताही बघा. साध्या ग्रेडचा निओडिमियम 80 अंशांच्या पुढे कायमची ताकद गमवायला लागतो. मे महिन्यातलं तापलेलं दार आणि आतून तापणारी कॉइल, म्हणजे अंतर फार उरत नाही. वरच्या ग्रेड जास्त सोसतात, पण महाग. कॉइलचं तर वेगळंच: तांबं 100 अंशांनी तापलं की रोध साधारण 39 टक्के वाढतो. करंट तेवढा मिळत नाही, मग माणूस आवाज वाढवतो आणि कॉइल आणखी तापते. छोट्या कॉइलवर 'मॅक्स 400 वॅट' छापणाऱ्याला एकदा दुपारी जुन्या पुलाजवळच्या ट्रॅफिकमध्ये बसवायला हवं.

खाडीकाठ

आज डावं दार उघडलं. खालच्या तीन निचऱ्याच्या भोकांपैकी दोन लाल मातीने बुजलेली, आत बोटभर पाणी. प्लॅस्टिकचा कागद एका बाजूने सुटलेला. स्पीकर बाहेर काढून कोन दोन्ही हातांनी सरळ दाबून पाहिला, घासत नाही. मग फळीवर बसवून तेच भजन लावलं. भद्द गेलं, अगदी मान्य. आवाज चढवल्यावर बुवांचा गळा मात्र फळीवरही थरथरतोय, आणि खांबाला तांबं आहे की नाही हे खोक्यावर लिहिलेलं नाही.

जांभा, शनिवारी कुडाळला येतो. शीट किती लागेल?

जांभा

दोन दारांना मिळून साधारण दोन चौरस मीटर. भावाला आणा, मॅग्नेट नको. आणि येण्याआधी ती तिन्ही भोकं तारेने मोकळी करा.