पाचवीच्या टक्क्यांवर हायस्कूल ठरत नाही, पण...

पाचवीत ऐंशी टक्क्यांच्या खाली गेलं की चांगलं हायस्कूल विसरा, असं काही जण म्हणतात ते पटत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 13 नुसार आठवीपर्यंत प्रवेशासाठी चाळणी परीक्षा घेताच येत नाही.

अपवाद नवोदयचा, म्हणजे सहावीपासूनच्या केंद्र सरकारच्या निवासी शाळेचा; तिथे प्रवेश परीक्षा असते. आपल्या नाशिक जिल्ह्याचं नवोदय दिंडोरी तालुक्यात खेडगावला आहे. किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांना, पण तिसरी ते पाचवी पूर्ण खेड्यातल्या शाळेत हवी. शहरातल्या शाळेत एक दिवस जरी शिकलं तरी शहरी धरतात. आमच्या नात्यातल्या निफाडकडच्या हुशार मुलीला क्लाससाठी चौथीनंतर नाशिकरोडच्या शाळेत घातलं आणि तिचा ग्रामीण कोटाच गेला. फार वाईट वाटलं. गावाकडच्या पालकांनो, दाखला काढण्याआधी हे बघा.