मदत हवी आहे: घरचा प्रिंटर ऑफिसच्या वायफायला जोडायचाय

महापेच्या ऑफिसात घरचा इंकजेट आणून ठेवलाय, आयटीची परवानगी आहे. पण इथलं वायफाय डब्ल्यूपीए२-एंटरप्राइझ, म्हणजे प्रत्येकाचं वेगळं यूजरनेम आणि पासवर्ड. प्रिंटरच्या स्क्रीनवर फक्त पासवर्डची जागा. यूजरनेम टाकायचं कुठे? नेटवर्क त्याला दिसतं, म्हणजे रेंजचा किंवा २.४ गिगाहर्ट्झचा (वायफायच्या बँडचा) प्रश्न नाही. यूएसबीने व्यवस्थित छापतो, पण आम्ही तिघं तीन टोकांना बसतो. वायफाय डायरेक्टने, म्हणजे लॅपटॉपला थेट, जोडला की लॅपटॉपचं ऑफिसचं नेट तुटतं. गेस्ट वायफायला ब्राउझरमधून लॉगिन लागतं, ते प्रिंटर बिचारा कुठून करणार! प्रिंटरला लॅनचं (नेटवर्क केबलचं) पोर्ट नाही आणि स्वतःचा राउटर लावायला सक्त मनाई.

आयटीकडे मॅक अ‍ॅड्रेस (प्रिंटरचा नेटवर्कवरचा ओळख क्रमांक) नोंदवून साध्या पासवर्डचं वेगळं नेटवर्क मागावं असं डोक्यात आहे. तसं मिळालं, तरी मुख्य नेटवर्कवरच्या लॅपटॉपना प्रिंटर दिसेल का, की त्यासाठी आणखी काही उघडून मागावं लागेल?